किमची खाऊ द्या, पण प्रश्नही विचारू द्या

विद्यापीठात ‘कोरिया डे’ झाला की दुसऱ्या दिवसापासून फोटो फिरायला लागतात. हानबोक हा पारंपरिक कोरियन पोशाख घातलेल्या मुली, आंबवलेल्या तिखट किमचीच्या वाट्या, स्टेजवर नाचणारा ग्रुप आणि त्याखाली ठरलेलं भांडण. एक बाजू म्हणते हे विद्यापीठ आहे की फॅन क्लब, मराठी विभागात शिकवायला माणसं नाहीत आणि इथे परदेशी सरकारच्या पैशावर पोरं नाचतायत. दुसरी बाजू लगेच पगाराच्या गोष्टी काढते, रांजणगाव-चाकणकडे कोरियन कंपन्या आहेत, दुभाषी मिळत नाहीत, मुलांचं भलं होतंय ते तुम्हाला बघवत नाही. मी स्वतः कोरियन शिकलोय, त्या भाषेवर काही वर्षं घर चालवलंय, आणि तरी मला या दोन्ही बाजू पटत नाहीत, कारण त्या दिवशी हॉलमध्ये कोण काय बोललं, कशावर बोललं, कुणी काय विचारलं याबद्दल दोघंही एक शब्द काढत नाहीत. नाच दिसतो, पगार दिसतो, व्याख्यान कुणालाच दिसत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कोरियन अभ्यासाची जाहीर व्याख्यानं आणि सांस्कृतिक कार्यक्रम विद्यापीठांनी करावेतच, आजच्यापेक्षा जास्त करावेत, नाचगाण्यासकट करावेत आणि जमेल तितके मराठीतून करावेत. अट एकच, विषय विद्यापीठाने ठरवायचे, आणि कोरियन सरकारला किंवा आपल्या सरकारला अडचणीचा वाटेल असा प्रश्न त्या हॉलमध्ये कुणालाही उभं राहून विचारता आला पाहिजे. ही अट पाळली जात असेल तर पैसा कुणाचा आणि स्टेजवर कोण नाचलं याने फार फरक पडत नाही. पाळली जात नसेल तर मात्र कितीही गंभीर चेहऱ्याने परिसंवाद घ्या, ती जाहिरातच.

आता विरोधकांचा सगळ्यात जड मुद्दा घेतो, मराठी विभागाचा. तो खरा आहे. भाषा विभागांतल्या जागा वर्षानुवर्षं भरल्या जात नाहीत, तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या माणसाला महिन्याचं गणित जुळवता येत नाही, आणि त्याच इमारतीत पाहुण्यांसाठी फुलांची सजावट दिसली की राग येणं साहजिक आहे, मलाही येतो. पण हा राग कोरियन विभागावर काढून मराठीची एकतरी जागा भरली जाणार आहे का? तो पैसा बहुतेक वेळा बाहेरून आलेला असतो, कार्यक्रम बंद झाला तर तो मराठीकडे वळत नाही, नुसता थांबतो. आणि मला उलटंच वाटतं, मराठीसाठी भांडणाऱ्या माणसाला कोरियन भाषेच्या इतिहासाइतका उपयोगी इतिहास दुसरा सापडणं अवघड आहे.

बघा, १९१० ते १९४५ कोरिया जपानच्या ताब्यात होता. १९३८ नंतर शाळांमधून कोरियन भाषा हळूहळू बाहेर काढली गेली, पुढे लोकांना जपानी धर्तीची नावं घ्यायला लावली. त्या काळात काही अभ्यासक कोरियन भाषेचा मोठा शब्दकोश तयार करत बसले होते. १९४२ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांची धरपकड सुरू झाली, या खटल्यात ३३ जण अडकवले गेले, दोघं तुरुंगातच वारले, आणि वर्षानुवर्षं जमवलेलं हस्तलिखित पुरावा म्हणून जप्त झालं. देश मोकळा झाला आणि १९४५ च्या सप्टेंबरमध्ये ते कागद सोल स्टेशनच्या मालगोदामात सापडले. पहिला खंड १९४७ मध्ये निघाला, शेवटचा १९५७ मध्ये. आता ज्या भाषेत दाते-कर्व्यांनी १९३२ ते १९३८ या काळात, म्हणजे जवळपास त्याच दशकात, शब्दकोशाचे सात खंड काढले, त्या भाषेच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट कोरियन विभागाने सांगायची नाही तर कुणी सांगायची? मराठी आणि कोरियन विभागाने मिळून ‘शब्दकोश आणि पारतंत्र्य’ असं एक व्याख्यान ठेवावं, मी सुट्टी टाकून येईन. दोन विभाग एकमेकांच्या ताटातलं ओढतायत हे चित्रच मुळात चुकीचं आहे.

लिपीचंही तसंच. राजा सेजोंगने १४४३ मध्ये कोरियन लिपी तयार करवली, १४४६ मध्ये जाहीर केली, कारण साध्या माणसाला चिनी अक्षरांत आपलं म्हणणं लिहिता येत नव्हतं. आणि १४४४ मध्येच चे मल्ली नावाच्या दरबारी विद्वानाने राजाला अर्ज लिहिला की चिनी सोडून स्वतःची लिपी करणं म्हणजे रानटी लोकांच्या पंगतीला जाऊन बसणं. ज्ञानाची भाषा वेगळी आणि घरची वेगळी, घरच्या भाषेत मोठं काही होत नाही, हा युक्तिवाद ओळखीचा वाटतो ना? ज्ञानेश्वरी वाचणाऱ्या समाजाला तो सातशे वर्षांपासून ओळखीचा आहे. हे सगळं मला वर्गात शिकवलं गेलं, पण वर्गात आम्ही मोजकीच पोरं होतो. जाहीर व्याख्यान याचसाठी हवं असतं, परीक्षेला न बसणाऱ्या माणसासाठी.

आणखी एक तारखांचा योग सांगतो. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि बरोबर एका आठवड्याने, १० तारखेला, कोरियन लेखिका हान कांगला साहित्याचं नोबेल जाहीर झालं. आपण पेढे वाटले, बरोबरच केलं. पण कोरियन साहित्य तिथवर पोचलं कसं, हे त्या आठवड्यात किती ठिकाणी बोललं गेलं? तिथल्या सरकारने १९९६ पासून साहित्याच्या भाषांतरासाठी वेगळी यंत्रणा उभी केली, भाषांतरकारांना पैसे दिले, आणि परदेशातल्या विद्यापीठांत कोरियन शिकवली जात होती म्हणून भाषांतर करणारी माणसं मिळाली. हान कांगबरोबर २०१६ चा इंटरनॅशनल बुकर वाटून घेणारी तिची इंग्रजी भाषांतरकार डेबोरा स्मिथ लंडनच्या सोआस या विद्यापीठात कोरियन शिकली होती. नंतर तिच्या भाषांतरावर जोरदार टीका झाली, मूळ वाक्यं बदलली, स्वतःची शैली घुसवली असं कोरियन जाणकारांनी दाखवून दिलं, आणि ती चर्चाही बहुतांशी विद्यापीठातल्या माणसांनीच केली. म्हणजे भाषांतर होणं आणि भाषांतराची उलटतपासणी होणं, दोन्हीसाठी असे विभाग लागतात. मराठीतून जगात जायचं असेल तर मराठी शिकणारे परदेशी लागतील, आणि परदेशी भाषा शिकणारे मराठी लागतील. दुसऱ्याचा विभाग बंद पाडून यातलं काहीच मिळणार नाही.

आता पैशाचा मुद्दा. कोरिया फाउंडेशन १९९१ मध्ये तिथल्या परराष्ट्र खात्याच्या आधाराने सुरू झालं, जगभरच्या विद्यापीठांत प्राध्यापकपदं, शिष्यवृत्त्या, परिषदा यांना ते पैसे देतं, आणि ते देशाची प्रतिमा चांगली व्हावी म्हणूनच देतं, यात लपवण्यासारखं काही नाही. संशय घेणाऱ्यांकडे भक्कम उदाहरणंही आहेत. चीन सरकारच्या पैशावर विद्यापीठांत चिनी शिकवणाऱ्या कन्फ्युशियस इन्स्टिट्यूटबद्दल शिकागो विद्यापीठात शंभराहून जास्त प्राध्यापकांनी सह्या केल्या आणि २०१४ मध्ये विद्यापीठाने करार पुढे नेला नाही, कारण कोण शिकवणार आणि काय शिकवणार हे बाहेरून ठरत होतं. कोरिया लोकशाही देश आहे म्हणून तिथे असं होत नाही असंही कुणी समजू नये. पाक ग्युन-हे राष्ट्राध्यक्ष असताना सरकारवर टीका करणाऱ्या कलावंतांची काळी यादी केली गेली, साडेनऊ हजारांच्या आसपास नावं, त्यापायी माजी सांस्कृतिक मंत्री तुरुंगात गेल्या, आणि हान कांगचं नावही त्यात होतं असं तिथल्या वृत्तपत्रांनी तेव्हा छापलं. जे सरकार बाहेर संस्कृतीला पैसे देतं तेच घरात संस्कृतीचे पैसे तोडतं. हे सगळं मान्य.

पण यातून ‘पैसा घेऊ नका’ असा निष्कर्ष निघतो का? आपल्याकडे एक जुना अनुभव आहे, तो आठवा. सोव्हिएत रशियाची पुस्तकं आपल्या घराघरांत होती, जाड पुठ्ठ्याची, सुंदर चित्रांची, अगदी नगण्य किमतीची, मराठीतसुद्धा. माझ्या काकांच्या कपाटात ती अजून आहेत. पैसा उघडउघड तिथल्या सरकारचा होता. ती वाचून आमच्या घरात कुणी मॉस्कोचा हस्तक झालं नाही, उलट एका पिढीला गणिताची, विज्ञानाची आणि मोठ्या कादंबऱ्यांची गोडी लागली. पण त्या पुस्तकांत स्टालिनच्या छावण्या नव्हत्या, हेही तितकंच खरं. भेट म्हणून आलेल्या गोष्टीत खोटं असतंच असं नाही, पण काहीतरी वगळलेलं हमखास असतं. मग वगळलेलं कोण भरून काढणार? भेट परत पाठवली तर वगळलेलंही कळत नाही आणि दिलेलंही हातचं जातं. भरून काढण्याचं काम विद्यापीठाचं आहे, आणि त्याला लागणारा खर्च काय, एक हॉल, एक माइक, एक वक्ता, चहा. म्हणून माझा आग्रह असा की बाहेरच्या पैशातून चार कार्यक्रम झाले तर निदान दोन व्याख्यानं विद्यापीठाने स्वतःच्या पैशातून ठेवावीत आणि त्यांचे विषय कुणालाही दाखवून मंजूर करून घेऊ नयेत. १९८० च्या मे महिन्यात ग्वांगजूमध्ये लष्कराने स्वतःच्याच नागरिकांवर गोळ्या झाडल्या त्याबद्दल. तिथल्या प्रचंड कंपन्यांच्या सावलीत कामगार संघटना कशा चालतात त्याबद्दल. उत्तर कोरियाबद्दल, जो ‘कोरिया डे’ला जणू नकाशावरच नसतो.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो शिकलेली माणसं करतात. म्हणे नाचगाणं आणि खाणं उथळ, व्याख्यान खोल, दोन्ही एका छपराखाली नकोत. अहो, आपल्याकडे कीर्तनात काय असतं? पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान, मध्ये पद, अभंग, टाळ, आणि समोर बसलेल्या बाईला अद्वैत कुठे संपलं आणि गाणं कुठे सुरू झालं हे वेगळं काढावंसं वाटत नाही. कोरियात पानसोरी आहे, एक गाणारा, एक ढोलवाला, गाणाऱ्याच्या हातात पंखा, मध्ये गद्य मध्ये पद्य, तासन्‌तास चालणारी गोष्ट, आणि श्रोते मधेच ‘ओलस्सिगू’ म्हणून दाद देतात. ज्याने कीर्तन ऐकलंय त्याला पानसोरी समजवायला पाच मिनिटं पुरतात, आणि ज्याला समजलं त्याला जातीपातीच्या कोरियन समाजात ही कला खालच्या थरातून कशी वर आली हे ऐकावंसं वाटतं. गाणं तिथे विषयाच्या आतच आहे.

के-पॉपचंही सांगतो, कारण त्याच्यावरच सगळा राग आहे. ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष यून सक-यॉल यांनी अचानक मार्शल लॉ पुकारला. खासदार कुंपणावरून चढून संसदेत गेले, मध्यरात्रीनंतर हजर असलेल्या १९० च्या १९० जणांनी तो उठवा म्हणून मत दिलं. पुढचे कित्येक दिवस कडाक्याच्या थंडीत सोलच्या रस्त्यांवर जी गर्दी होती तिच्यात तरुण मुली प्रचंड संख्येने होत्या, आणि त्यांच्या हातात मेणबत्त्यांच्या जागी काय होतं, कॉन्सर्टमध्ये हलवतात त्या लाइट स्टिक. घोषणांच्या मध्ये त्या एका मुलींच्या ग्रुपचं २००७ मधलं गाणं म्हणत होत्या, जे २०१६ मध्ये इह्वा विद्यापीठाच्या मुलींनी पोलिसांसमोर एकमेकींचे हात धरून म्हटलं होतं. ४ एप्रिल २०२५ ला तिथल्या घटनात्मक न्यायालयाने यून यांना पदावरून काढलं. आता मला सांगा, लाइट स्टिक घेऊन आपल्या विद्यापीठाच्या हॉलमध्ये आलेल्या मुलीला हे सांगणं उथळ की तिला दारातूनच हाकलणं उथळ? ती अर्धा रस्ता स्वतःहून चालून आलेली आहे, तिला गाण्याचे शब्द पाठ आहेत, तिच्यासारखा विद्यार्थी मिळायला इतिहासाचे मास्तर आयुष्यभर वाट बघतात.

किमचीच्या स्टॉलवर तर मी स्वतः उभा राहून बोलायला तयार आहे. किमचीचा लाल रंग मिरचीचा, आणि मिरची मूळची अमेरिका खंडातली. आपल्याकडे ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर गोव्याच्या किनाऱ्यावर उतरली, पूर्वेकडेही पोर्तुगीज व्यापाराच्या वाटेनेच सरकली, आणि १६१४ मधल्या एका कोरियन ग्रंथात ती जपानकडून आलेली म्हणून नोंदलेली सापडते. म्हणजे ज्या पदार्थाला कोरियन माणूस आपली ओळख मानतो आणि ज्या ठेच्याशिवाय आपलं ताट पूर्ण होत नाही, दोघांमागे एकाच काळातली जहाजं आहेत. हिवाळ्याआधी सगळ्यांनी मिळून किमची घालायची प्रथा, किमजांग, युनेस्कोच्या यादीत दक्षिण कोरियाकडून २०१३ मध्ये गेली आणि उत्तर कोरियाकडून २०१५ मध्ये, एकच प्रथा, दोन नोंदी. फाळणी म्हणजे काय ते एवढ्यावरून कळतं, वाटी हातात असतानाच कळतं. आमच्याकडच्या कार्यक्रमांत त्या स्टॉलवर फक्त कूपन घेतात, बोलत कुणी नाही, माझी तक्रार आहे ती ही.

आणि जे बोललं जातं ते अनेकदा गोडगोड असतं, त्याबद्दल कार्यक्रम करणाऱ्यांनाही चार शब्द सुनावले पाहिजेत. उद्घाटनाचं भाषण हमखास अयोध्येच्या राजकन्येपासून सुरू होतं. इसवी सन ४८ मध्ये आयुता देशाची राजकन्या समुद्रमार्गे आली, राजा किम सुरोशी लग्न झालं, म्हणून आपलं दोन हजार वर्षांचं नातं. टाळ्या. पण ही कथा ज्या सामगुक युसा ग्रंथात आहे तो तेराव्या शतकातला, म्हणजे घटनेनंतर बाराशे वर्षांनी लिहिलेला, आणि आयुता म्हणजे अयोध्याच का, दक्षिणेतली एखादी जागा का नाही, मुळात ही बौद्ध काळात रचलेली कुळकथा तर नाही ना, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. अयोध्येत स्मारक आहे, २०१८ मध्ये कोरियाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी तिथे येऊन गेल्या, दोन सरकारांना ही कथा सोयीची आहे, ठीक आहे, सरकारांनी सांगावी. विद्यापीठाने मात्र तिची चिरफाड करून दाखवायला हवी. तसंच ते ‘आप्पा-अम्मा तमिळ आणि कोरियन दोन्ही भाषांत आहेत म्हणून भाषा एकाच घरातल्या’. अशी जुळणी जगातल्या कितीतरी भाषांत निघते, बाळाच्या तोंडून पहिल्यांदा जे आवाज येतात त्यांचाच तो परिणाम. मुलांना हे सांगितलं तर त्यांचं प्रेम कमी होईल अशी भीती आयोजकांना वाटते, माझा अनुभव उलटा आहे, खरी गोष्ट कळली की पोरं जास्त प्रश्न विचारतात.

नोकरीवाल्यांना थोडक्यात. नोकऱ्या आहेत, मी नाकारत नाही, २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात माध्यमिक शाळेत शिकायच्या परदेशी भाषांत कोरियनचं नाव आहे. पण कंपनीच्या मीटिंगमध्ये कोरियन साहेब गप्प बसला तर ते गप्प बसणं म्हणजे होकार, नाराजी की वरिष्ठासमोरचा संकोच, हे व्याकरणाच्या पुस्तकात नसतं. वयाचा मान, बोलण्याच्या पायऱ्या, लष्करी सेवेतून आलेली शिस्त, १९९७ च्या आर्थिक संकटात नोकरी गेलेल्या बापांची आठवण, हे ज्याने ऐकलंय तोच नीट दुभाषी होतो. म्हणजे नोकरीसाठीसुद्धा व्याख्यान लागतंच.

राहिला भाषेचा प्रश्न. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली, विद्यापीठाच्या बहिःशाल मंडळाने जयकर व्याख्यानमालेतून वक्ते तालुक्याच्या गावांपर्यंत नेले. उन्हाळ्याच्या संध्याकाळी परदेशाचं राजकारण मराठीतून ऐकायला आलेली माणसं, कुणी पोस्टातला, कुणी दुकानातला, ही आपली सवय होती. कोरियावरचे कार्यक्रम मात्र जवळपास सगळे इंग्रजीत होतात, आणि मग आयोजक म्हणतात बाहेरची माणसं येत नाहीत. कशी येणार?

मराठीतून सांगण्याजोगा विषय नाही असं म्हणू नका. १९५३ मध्ये कोरियन युद्ध थांबलं तेव्हा मायदेशी परत जायला नकार देणारे बावीस हजारांवर कैदी कुणी सांभाळायचे हा पेच होता आणि ते काम भारतीय सैन्याकडे आलं. त्या दलाचे प्रमुख होते मेजर जनरल शं. पां. पा. थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय सैनिकांना आपल्या जमिनीवर पाय ठेवू दिला नाही, म्हणून त्यांना जहाजांवरून हेलिकॉप्टरने मधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवलं, तिथल्या छावणीचं नाव हिंद नगर. कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला आत ओलीस धरलं तेव्हा थोरात स्वतः आत गेले आणि त्याला सोडवून आणलं. शेवटी ८८ जण असे उरले ज्यांना उत्तरही नको होती, दक्षिणही नको होती आणि चीनही नको होता, ते १९५४ मध्ये आपल्या सैन्याबरोबर जहाजाने भारतात आले.

एका विद्यापीठात, नाव सांगत नाही, याच विषयावर तासाभराचं व्याख्यान ठेवलं होतं. आधीची नृत्यस्पर्धा लांबली, पाहुण्यांचे सत्कार लांबले, वक्त्यांना वीस मिनिटं मिळाली, ते हिंद नगरपर्यंत आले आणि खालून चिठ्ठी आली की आवरा. प्रश्नोत्तरं रद्द. मी चिडून बाहेर पडलो तर जिन्यात एक मुलगी त्यांना अडवून उभी होती, कपाळावर अजून नाचाची टिकली चमकत होती. ‘सर, ते अठ्ठ्याऐंशी जण, त्यांचं पुढे काय झालं?’ सरांनी हातातली फाइल पायरीवर ठेवली आणि तिथेच बसले. बरेचसे ब्राझील-अर्जेंटिनाला गेले, थोडे इथेच राहिले, म्हणाले, आणि एकेक करून सांगायला लागले. पाच-सहा पोरं येऊन खालच्या पायऱ्यांवर बसली, दोघी हानबोकमध्येच होत्या, आणि वॉचमन दिवे मालवायला आला तेव्हा तोही थोडा वेळ थांबला.